मार्करची मुलगी

बसमध्ये खिडकीशी कोणी बसायचं, हे ती नाणं उडवून ठरवायची. रोज. वर्ध्याहून अल्लीपूरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आम्हा दोघींना बहुतेक वेळा शेजारीशेजारी जागा मिळायची. मी आधी चढून खिडकीशी ऐसपैस बसलेली असले, तरी ती समोर उभी राहून पर्समधून रुपया काढायची.

"छापा की काटा, ताई?"

मी जिंकले की म्हणायची, "आता तुमच्यापाशी तीन रस्ते आहेत. खिडकी घ्या, नाई तर इकडची जागा घ्या, नाई तर मले निवडाले सांगा."

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. टेनिसचा सामना सुरू होण्याआधी खेळाडू असंच ठरवतात, हे नंतर कळलं. कंडक्टरला ते आधीच माहीत झालेलं होतं. तो तिकिटं फाडता फाडता विचारायचा, "आज कोण जिंकलं, मॅडम?"

आम्ही दोघी अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होतो आणि दोघीही सिंदी मेघेत राहायचो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला मॅडम आणि अहोजाहो करायची. मनात मात्र ती कायम 'ती'च राहिली. ज्या माणसाचा हेवा वाटतो, त्याला मनातल्या मनात कोणी अहोजाहो करत नाही.

ठेंगणी, सावळी, उजवा हात डाव्यापेक्षा जरा जाड. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. उन्हात मुलांना कवायतीला उभं केलं की डोक्यावर पांढरी टोपी. तिच्या बोलण्यात टेनिस असं मिसळलेलं असायचं की नव्या माणसाला काही उमजायचं नाही. हेडमास्तरांनी एकदा चुकीची नोटीस काढली, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरी करा, अजून चान्स आहे." हेडमास्तरांनी खरंच नोटीस मागे घेऊन दुसरी काढली. मी त्यांना तीच चूक सकाळी दाखवली होती, तेव्हा ते माझ्यावर खेकसले होते.

तिच्या तिसरीच्या वर्गातली गंमत तर आसपासच्या शाळांत पसरली होती. केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी एका मुलाला उभं करून पंधराचा पाढा म्हणायला लावला. मुलगा छाती काढून म्हणाला, "पंधरा, तीस, चाळीस, गेम!" वर्गातली सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. केंद्रप्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजिबात गोंधळली नाही. म्हणाली, "सर, मी त्यायले दोन्ही शिकवलं. हा पोट्टा खुशीत आला की टेनिसवाला म्हणते. बाळ, आता पुस्तकातला म्हण." आणि त्यानं पंधरा दाहे दीडशेपर्यंत न अडखळता म्हटला. केंद्रप्रमुखांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्गातील वातावरण आनंदी.' सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गाला 'शिस्त समाधानकारक' याच्या पुढे कधी काही मिळालं नाही.

हे टेनिस तिच्याकडे आलं कुठून? तर बापाकडून.

तिचे वडील वर्ध्याच्या साहेब लोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे टेनिसच्या कोर्टावरचा माणूस. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, शेणमातीचा हात द्यायचा, चुन्यानं रेघा मारायच्या, नेट बांधायचं, चेंडू गोळा करायचे. आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही, तर रॅकेट घेऊन समोर उभं राहायचं. माझे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि त्याच क्लबाचे मेंबर होते. रोज संध्याकाळी पांढऱ्या हाफपँटीत खेळायला जायचे. मलाही सातवी-आठवीत एक रॅकेट घेऊन दिली होती. दोन उन्हाळे मी गेले, मग सुटलं. तो काळा, उंच, न बोलणारा मार्कर मला अंधुक आठवत होता. शेजारी बसणारी ही बाई त्याची मुलगी आहे, हे कळल्यावर सुरुवातीला मला बरं वाटलं. काहीतरी जुनं नातं निघाल्यासारखं. खोटं कशाला सांगू, थोडं वरचढही वाटलं.

ते वरचढपण तिनं एका सकाळी सहज बोलता बोलता उतरवलं.

मी म्हणाले, "आमचे बाबा खूप चांगलं खेळायचे. घरी आले की सांगायचे, आज मार्करला सहा-दोन हरवला, आज सहा-तीन."

ती हसली. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. "ताई, मार्करचं कामच थे असते. साहेबाले जिंकल्यासारखं वाटलं पाह्यजे. कोणाले कुठं बॉल द्याचा, किती सोपा द्याचा, कोणत्या गेमले नेटमध्ये माराचा, बाबाचं सारं ठरलेलं राहे. तुमच्या बाबाले बॅकहँडवर द्याचा नाई, एवढं त्यायले पक्कं मालूम होतं." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चाळीस वर्षं हरायची नोकरी केली माह्या बापानं."

आमच्या घरात वडिलांचा मोठा फोटो आहे, हातात रॅकेट धरलेला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. ज्या माणसाच्या जिंकण्यावर मी लहानपणी जेवणाच्या ताटावर टाळ्या वाजवल्या, तो एकदाही जिंकलेला नव्हता तर. आणि हे त्या मार्करच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या घरात कोणालाच नाही.

त्या दिवसापर्यंत तिच्याबद्दल मला नुसता हेवा वाटायचा. त्या दिवसापासून त्यात आंबट काहीतरी मिसळलं.

तिच्या वडिलांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायची. ती फार टिकेल असं काही दिसत नव्हतं. म्हाताऱ्यांनी मुलीला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. टीव्हीवर त्यांनी पुष्कळ सामने पाहिले होते. पण टीव्हीवर बॉलचा आवाज खरा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एकदा समोर बसून पाहायचं होतं, दोघंही जिंकायलाच खेळतायत असा खेळ.

पुण्याला हिवाळ्यात व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा भरायची. देशोदेशीचे खेळाडू यायचे. तिनं ठरवलं, जायचं. आणि एकट्या बाबांना घेऊन नाही, सगळ्यांनी. बाबा, सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि ती. नवऱ्याचं सिंदी मेघेच्या नाक्यावर मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. पैसा बेताचाच. मुख्य सामन्यांची तिकिटं पाहून तिनं ती यादी सरळ बाजूला ठेवली. मग तिला शोध लागला की, मुख्य स्पर्धेच्या आधी शनिवार-रविवारी पात्रता फेरीचे सामने होतात आणि त्यांना तिकीट नसतं. फुकट. शिवाय बाजूच्या लहान कोर्टावर खेळाडू तुमच्यापासून पाच हातांवर असतात.

"ज्याले मोठ्या स्पर्धेत शिराचं आहे, थो तर सगळ्यात जास्त जीव लावून खेळन ना ताई! बाबाले थेच पाह्यचं आहे." इतकं साधं गणित. मला आयुष्यभर तिकिटाच्या किमतीवरून वस्तूची किंमत करायची सवय. मला ते सुचलं नसतं.

त्यानंतर वर्षभर तिच्या घरी रिहर्सली सुरू होत्या. हा तिचा शब्द. "आधी करून पाहाचं, मंग जाऊन पाहाचं," हे तिचं ठरलेलं वाक्य. एका रविवारी तिनं पाचही जणांना क्रीडा संकुलाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं. सकाळी दहा ते दोन. समोर काही नाही, रिकामं मैदान. कोणाला उन्हाचा त्रास होतो, कोणाला किती वेळा पाणी लागतं, कोण किती वेळा बाथरूमला जातो, सगळं तिनं वहीत टिपलं. सासूबाईंच्या कंबरेला पायरी टोचली, म्हणून गोधडी दुमडून एक उशी शिवली. दुसरी रिहर्सल गिरडला. सगळ्यांच्या पाठीवर प्रवासाएवढ्या भरलेल्या पिशव्या देऊन ती त्यांना दर्ग्याच्या टेकडीवर चढवून घेऊन गेली. अर्ध्या वाटेवर जे सामान जड वाटलं, ते यादीतून गेलं. तिच्या मुलीनं मला सांगितलं, "काकू, माझा हेअर ड्रायर तिथंच कटला."

आणि तिसरी रिहर्सल गप्प बसण्याची. टेनिसमध्ये पॉइंट चालू असताना प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. तिच्या सासूबाई झोपेत सोडल्या तर सतत बोलणाऱ्या. तर घरात रोज संध्याकाळी नवरा भिंतीवर चेंडू मारायचा आणि तो जमिनीवर थांबेपर्यंत सगळ्यांनी मुकं राहायचं. मी एकदा साखर मागायला म्हणून गेले होते, तेव्हा पाहिलं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं हसू दाबून. चेंडू थांबला तशी त्या एकदम म्हणाल्या, "सुटली वं माय!" आणि सगळं घर लोळून हसलं. माझ्या हातात रिकामी वाटी तशीच राहिली.

आमच्या घरात मी दहा वर्षं 'माथेरानला जाऊ' म्हणत होते. यजमान म्हणायचे, "तिथं काय आहे पाहायला?" मुलगा पुण्याला नोकरीला, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा. त्याला फोन केला की म्हणायचा, "बोल आई, मीटिंगमध्ये आहे." आमच्याकडे पैसा होता, सुट्ट्या होत्या, गुडघेसुद्धा बरे होते. साखर न घेताच मी घरी आले. साखर घरात भरपूर होती.

बाहेरचं खाणं स्टेडियममध्ये नेता येत नाही, हे कळल्यावर तिनं स्पर्धेच्या ऑफिसात फोन लावला. बसमध्येच, माझ्या शेजारी बसून. "हॅलो, सर, फुटाणे चालतात का? ... नाई, विकाले नाई, खायाले. ... बरं, पेशंटचं असन तर?" म्हाताऱ्यांना शुगर होती, दर दोन तासांनी काही खायला हवं असायचं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर चालेल, असं उत्तर आलं. तिनं चिठ्ठी आणली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत फुटाण्यांची शिफारस केली होती. पूर्ण बस तिच्याभोवती गोळा होऊन ती चिठ्ठी वाचत होती. मीही वाचली, मीही हसले. पण मला तेव्हा असंही वाटलं होतं की, काहीतरी अडावं. एखादी गोष्ट तरी हिला जमू नये.

ती गोष्ट माझ्याच हातात आली.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा आठवडा. तिनं नाणं काढलं नाही, नुसती शेजारी बसली. जरा वेळानं म्हणाली, "ताई, एक विचारू का? तुमचा मुलगा पुण्यालेच आहे ना. दोन रात्री आम्हाले जागा भेटन का त्याच्याकडे? खाली सतरंजीवर झोपू. स्वयंपाक आमचा आम्ही करू, त्याचाही करून देऊ. बाबाले फक्त पायऱ्या नको, अन् लॉज परवडत नाई."

मी म्हणाले, "अहो, त्याच्या ऑफिसची तीन मुलं राहायला आलीत. पाय ठेवायला जागा नाही."

एक क्षणही विचार करावा लागला नाही. इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

"बरं, मंग जाऊ द्या," ती म्हणाली. "पाहू दुसरं." आणि तिनं पिशवीतून मुलांच्या वह्या काढून तपासायला घेतल्या. अल्लीपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. वाईट वाटतंय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. वाटत नव्हतं. उलट छातीत एक थंडगार समाधान होतं. आता पाहू कशी जाते.

तर तिनं काय केलं? दिवाळीच्या सुट्टीत मैदानाच्या आसपासच्या सहा शाळांचे पत्ते शोधले आणि सहा पत्रं लिहिली. पोस्टानं, हातानं लिहून. त्यातलं एक तिनं मला वाचून दाखवलं होतं, अक्षर न अक्षर लक्षात आहे: 'मी वर्धा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वडिलांची नजर जात आहे. त्यांना टेनिस पाहायचे आहे. शनिवार-रविवार आपल्या शाळेचा एखादा वर्ग रिकामा असेल तर आम्हा सहा जणांना रात्री झोपू द्याल का? जाताना वर्ग झाडून, फळा पुसून, बाक लावून जाऊ.' पाच शाळांनी उत्तर दिलं नाही. सहाव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला, या म्हणून. तळमजल्यावरचा वर्ग, शेजारी नळ.

ती ही बातमी मला बसमध्ये नाचत नाचत सांगत होती आणि मी 'अरे वा' म्हणत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मी त्या शनिवारी पुण्याला का गेले, याचं नीट उत्तर माझ्यापाशी नाही. मुलाला म्हणाले, "तुला भेटावंसं वाटलं." यजमान आले नाहीत. रविवारी सकाळी मुलाला म्हटलं, "चल, ते टेनिस पाहून येऊ, फुकट आहे म्हणे." त्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. "तुला टेनिस कधीपासून आवडायला लागलं?" पण त्यानं गाडी काढली. तिची फजिती पाहायला मिळेल, म्हातारे उन्हात थकलेले असतील, सासूबाई कुरकुरत असतील, पोरं भांडत असतील, असं काहीतरी मला पाहायचं होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

ते मागच्या कोर्टावर होते. आजूबाजूला फार तर पस्तीस-चाळीस माणसं. पहिल्या रांगेत सहाही जणांच्या डोक्यावर एकाच कापडाच्या शिवलेल्या टोप्या, आणि मध्ये म्हातारे. आपला एक पोरगा आणि परदेशातला एक उंच खेळाडू, दोघं तिसऱ्या सेटमध्ये होते. तिनं मला पाहिलं, डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं, पॉइंट चालू होता. सरकून जागा करून दिली. मी आणि मुलगा बसलो.

इतक्या जवळून मीही कधी पाहिलं नव्हतं. बॉल मारताना त्यांच्या तोंडून निघणारा हुंकार, बुटांचा कचकन आवाज, घामाचे थेंब कोर्टावर पडलेले दिसायचे. एक बॉल सुटलाच म्हणावा, तर समोरचा खेळाडू पोटावर पडून तो परत आणायचा. म्हाताऱ्यांना बॉल फारसा दिसत नव्हता. त्यांनी एक हात कानामागे धरला होता आणि मान थोडी खाली. आवाजावरून पाहत होते. मध्येच हलक्या आवाजात नातवाला सांगायचे, "उंच्याची तार ढिली आहे. रॅकेट बदलन आता." आणि पुढच्या गेमला त्यानं खरंच रॅकेट बदलली. सासूबाई तोंडात पदर धरून बसल्या होत्या, एका शब्दाला महाग.

स्कोअर पाच-पाच झाला. एक रॅली इतकी लांबली की लोकांनी श्वास धरून ठेवला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि मध्येच म्हातारे उठून उभे राहिले. दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडले,

"देऊन नाई राह्यलं! कोणी कोणाले देऊन नाई राह्यलं!"

खुर्चीवरचे पंच 'क्वाएट प्लीज' म्हणाले. सासूबाईंनी त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. पॉइंट थांबला नव्हता, खेळाडूंना काही ऐकूही गेलं नसेल. म्हाताऱ्यांचा चेहरा ओला झाला होता आणि ते हसत होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला होता आणि ती कोर्टाकडे पाहतच नव्हती, त्यांच्याकडे पाहत होती. माझा मुलगाही त्यांच्याकडेच पाहत होता. त्याचा फोन खिशात होता.

सामना संपल्यावर मी म्हाताऱ्यांना नमस्कार केला. म्हटलं, "ओळखलंत का?"

आवाज ऐकून ते थोडे थबकले. "इंजिनिअर साहेबाची पोरगी. बॉल आला की डोळे मिटत होती." मग माझा हात चाचपून धरला. "साहेब चांगला माणूस होता. एक दिवस मले म्हणाले, आज सोडू नको मले, खरं खेळ. मी सहा-शून्य केलं. साहेब हसले, हात मिळवला."

"मग?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी म्हणाले, कालचं राहू दे बाबा. पह्यल्यासारखंच दे."

सगळे हसले. मीही हसले. वडिलांना माहीत होतं तर. घरी येऊन त्यांनी स्कोअर सांगितला नसेल असा एखादा दिवस मी तिथंच बसून आठवत राहिले. आठवला नाही.

तेवढ्यात मुलानं तिला विचारलं, "तुम्ही उतरलात कुठे?" तिनं शाळेच्या वर्गाचं सांगितलं. तो म्हणाला, "वर्गात? अहो, मग माझ्याकडे का नाही आलात? दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी एकटाच तर असतो. आई, तू सांगितलं नाहीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमच्या आईनं म्हटलं होतं जी," ती म्हणाली. "आमच्या बाबालेच शाळेत झोपाची हौस. लहानपणी शिकाले भेटलं नाई ना." आणि तिनं माझ्या मुलाच्या ओंजळीत फुटाणे ओतले.

त्या दिवशी माझा मुलगा संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. त्यांच्यासोबत तीन सामने पाहिले, म्हाताऱ्यांच्या कानाशी लागून त्यांना दिसत नसलेलं सांगत राहिला. तो इतकं बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी एका टोकाला गोधडीच्या उशीवर बसले होते. सासूबाईंनी मला ती काढून दिली होती.

वर्ध्याला परतल्यावर बसमध्ये सगळं पूर्वीसारखंच सुरू झालं. तिनं त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. पंधरा दिवस गेले. तिनं बोलावं, भांडावं, निदान तोंड फिरवावं, असं मला वाटायचं. शेवटी मीच म्हणाले, "दिवाळीच्या आधी मी खोटं बोलले होते तुमच्याशी. जागेबद्दल."

"मालूम होतं मले."

"स्टेडियमवर कळलं, ते माहीत आहे..."

"नाई, थ्याच्या आधीच. तुम्ही म्हटलं तीन पोट्टे राहाले आले, अन् तिसऱ्याच दिवशी याच गाडीत तुम्ही फोनवर त्याले म्हणत होत्या, एकटा असतोस, कुलूप नीट लावत जा."

"मग तुम्ही काहीच का बोलल्या नाहीत? राग नाही आला?"

"आला ना! लय आला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाई. मंग म्हटलं, ह्यायच्यावर रागवत बसलो तर पत्रं कोण लिहीन? बाबाचे डोळे काही थांबणार होते का?" मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मला खरा प्रश्न दिसला. "पण ताई, काऊन केलं तुम्ही तसं? दोनच तर रात्री होत्या."

मी खूप कारणं तयार करून आणली होती. ती सगळी बाजूला राहिली. म्हणाले, "मला तुमचा हेवा वाटतो."

"माहा?"

तिनं स्वतःच्या साडीकडे पाहिलं, मांडीवरच्या फाटक्या बंदाच्या पिशवीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आपली चेष्टा चालली आहे का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. मग ती हसायला लागली. इतकी, की पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहायला लागली.

"माहा हेवा! बाप्पा! हे तर घरी सांगाच लागते."

मला वाटलं, बोलण्याची रीत असते तशी म्हणाली असेल. पण संध्याकाळी मी कणीक मळत असताना फोन वाजला. तिच्या सासूबाई.

"काऊन वं, खरं सांग," त्यांनी सुरुवात केली, "आमची सून म्हणते, तुले आमचा हेवा वाटते? आमचा?" आणि हसण्यामुळे पुढचं त्यांना बोलता येईना. पाठीमागे कोणीतरी काहीतरी म्हणालं, नातीचा चिरका आवाज आला, नवऱ्याचं खोकत खोकत हसणं, म्हाताऱ्यांचं 'काय झालं, मले सांगा ना' आणि मग त्यांना कोणीतरी सांगितल्यावर त्यांचंही. एका खोलीत सहा माणसं एका वेळी हसत होती, माझ्यावर. मला राग यायला हवा होता. बाहेरच्या खोलीतून यजमानांनी विचारलं, "कोणाचा फोन आहे?"

मी कणकेचा हात तसाच धरून, फोन कानाला घट्ट लावून उभी राहिले. तिकडे कोणाच्या लक्षातच नव्हतं की फोन चालू आहे. त्यांचं हसणं ओसरायचं, पुन्हा कोणाला तरी उबळ यायची, पुन्हा सगळे सुरू व्हायचे. त्यांच्यातल्या कोणीतरी तिकडून फोन बंद करेपर्यंत मी तो ठेवला नाही.